इंजिन का बंद पडलं?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. संक्रांत होऊन आठ-दहा दिवस झाले होते. कर्ली खाडीच्या काठावरच्या एका वाडीतल्या आमच्या बचत गटाच्या पाच जणी आणि सहावी मी, अशा आम्ही सकाळी साडेसातला होडीत बसलो. ओहोटी लागलेली. ओहोटीबरोबर खाली जायचं, वाळूचे पट्टे उघडे पडले की तिसऱ्या काढायच्या आणि भरतीबरोबर परत यायचं, हा तिथल्या बायकांचा जुना शिरस्ता. पूर्वी वल्हं मारत जायच्या. आता गटाने कर्ज काढून एक जुनं, आठ हॉर्सपॉवरचं आऊटबोर्ड इंजिन घेतलं होतं. होडीच्या मागच्या फळीला दोन स्क्रूंनी आवळून बसवतात आणि ज्याचा पंखा पाण्यात बुडालेला असतो, ते इंजिन. वजन साधारण तीस किलो. दोन बायका सहज उचलतात.

दहा मिनिटं झकास गेली. मग इंजिनाचा आवाज बसका झाला, दोन आचके दिले आणि बंद.

आधी कुणालाच काही वाटलं नाही. दोरी ओढली. पुन्हा ओढली. मधे एकदा सुरू झालं, दोन मिनिटं चाललं आणि पुन्हा गप्प. चोक ओढून झाला, इंजिनाला थोपटून झालं, देवाचं नाव घेऊन झालं. एव्हाना होडी आपली आपण चालली होती, देवबागच्या दिशेने, जिथे खाडी समुद्राला मिळते. तिथे वाळूच्या उथळावर लाटा फुटतात. त्यांचा आवाज आम्हाला ऐकू यायला लागला. मी घाटावरची, लग्न होऊन कुडाळात आलेली. मला पोहता येत नाही. वल्ही घरी ठेवलेली, कारण ‘आता इंजिन आसा मा, वल्ही कित्याक?’ लाईफ जॅकेट एकीच्याही अंगात नव्हतं. हे लिहिताना आज माझी मलाच लाज वाटते.

गटातली सगळ्यात थोरली काकी एकटी शांत होती. तिने नांगर टाकला. दोनदा घसरला, तिसऱ्यांदा धरला. दोर ताणला गेला आणि होडी थरथरत उभी राहिली. दोन तासांनी मासेमारीहून परतणाऱ्या एका दादांनी आम्हाला ओढत आणलं. त्या दिवशीच्या तिसऱ्या गेल्या, म्हणजे सहा घरांची मजुरी गेली.

दुपारी मेस्त्री आले. त्यांनी इंजिनाचं झाकणसुद्धा काढलं नाही. पेट्रोलच्या टाकीजवळ वाकले, टाकीच्या झाकणावरचा एक इवलासा स्क्रू दोन बोटांनी फिरवला, दोरी ओढली आणि इंजिन सुरू! पाचशे रुपये खिशात घालताना म्हणाले, “ह्या बायल मान्सांचा काम न्हय, वयनीनू.”

मला राग आला. पण त्याहून जास्त काय झालं सांगू? पोटात गोळा आला. कारण तो स्क्रू मीच बंद केला होता! आदल्या संध्याकाळी पेट्रोल भरून टाकी रिक्षातून आणताना वास येत होता, म्हणून मी तो घट्ट फिरवला होता. नेताना तो बंदच करायचा असतो, तेवढं माझं बरोबर होतं. पण होडीत ठेवल्यावर उघडायचा असतो, हे कुणाला माहीत होतं?

तेलाचा सीलबंद डबा आपण फोडतो तेव्हा एकच भोक पाडलं तर तेल पडतं का? जरा पडतं आणि थांबतं. म्हणून समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडतो, हवा आत जायला. टाकीवरचा तो स्क्रू म्हणजे हे दुसरं भोक. तो बंद असला की टाकीतलं पेट्रोल जितकं बाहेर जातं तितकी हवा आत येत नाही. पहिली काही मिनिटं इंजिन चालतं, मग त्याला पेट्रोल ओढता येत नाही. टाकी आणि इंजिन यांच्यामधल्या नळीवर हाताने दाबायचा एक रबरी फुगा असतो, तो अशा वेळी आत चेपून चपटा झालेला दिसतो. आमचाही झाला होता. सहा जणींच्या डोळ्यांसमोर होता, पण बघायचं काय हेच ठाऊक नव्हतं. वीस वर्षं तेलाचे डबे फोडलेल्या सहा बायका!

मी दुसऱ्या दिवशी वाडीत जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं, की चूक माझी होती. काकी म्हणाली, “बरा झाला. तुझी चूक म्हणून कळली तरी. आता शिकूया.”

वाडीतच एक तांडेलकाका आहेत. उभं आयुष्य होडीवर गेलेलं, आता गुडघ्यांमुळे घरी असतात. त्यांच्या अंगणात आम्ही लाकडाचा घोडा करून त्यावर इंजिन टांगलं, खाली पाण्याचं पिंप ठेवलं आणि रविवारी दुपारी बसायला लागलो. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली. दहावीनंतर विज्ञान सुटलं ते सुटलंच. पण पहिल्याच दिवशी लक्षात आलं, की हे आपल्या गॅसच्या शेगडीपेक्षा फार वेगळं नाही.

शेगडी पेटत नाही तेव्हा आपण काय करतो? आधी बघतो रेग्युलेटर चालू आहे का, सिलिंडर संपला का. मग लायटरची ठिणगी पडते का. मग बर्नरच्या भोकात उतू गेलेलं दूध अडकलंय का. इंजिनाचंही हेच. पेट्रोल येतंय का, ठिणगी पडतेय का, बारीक भोक तुंबलंय का. याच क्रमाने जायचं, घाबरून सगळं एकदम उघडायचं नाही. एक गोष्ट मात्र शेगडीला नसते, ती म्हणजे गार करणारं पाणी. त्याबद्दल पुढे सांगते.

पेट्रोलचं बघताना टाकीत पेट्रोल आहे ना, झाकणाचा स्क्रू उघडा आहे ना, नळी दोन्ही टोकांना नीट बसली आहे ना, हे आधी. मग फुगा दाबायचा. त्याच्यावर बाण असतो, तो इंजिनाकडे हवा. दाबत राहिलं की फुगा कडक होतो. झालाच नाही तर नळीला कुठेतरी चीर आहे किंवा जोड सैल आहे, हवा खातोय. आमच्यातली एक जण चौथीपर्यंत शिकलेली, तिने डोकं लढवलं. टाकीच्या स्क्रूवर आणि झाकणावर लाल नेलपॉलिशने खुणा केल्या. दोन्ही खुणा समोरासमोर आल्या की स्क्रू उघडा. आज त्या वाडीतल्या चार होड्यांच्या टाक्यांवर नेलपॉलिश आहे, त्यातल्या तीन पुरुषांच्या!

त्याहून आधी बघायची एक गोष्ट आहे, ती म्हणजे लाल दोरी. इंजिनावर एका बटणामागे चिमट्यासारखी क्लिप बसते, तिची दोरी चालवणारीने मनगटाला अडकवायची. तोल जाऊन ती पाण्यात पडली तर क्लिप निघते आणि इंजिन बंद होतं. नाहीतर चालती होडी तिला सोडून निघून जाईल, किंवा गोल फिरून पंखा तिच्याच अंगावर येईल. क्लिप लावलेली नसेल तर इंजिन सुरूच होत नाही. ‘इंजिन सुरू होत नाय’ म्हणून आलेले निम्मे फोन या क्लिपपाशी संपतात.

आता ठिणगी. प्लग काढायला त्याच्या मापाचा पाना लागतो, तो होडीतच ठेवायचा. प्लगचं टोक म्हणजे इंजिनाची जीभ, असं काका म्हणायचे. जीभ बघून डॉक्टर सांगतो तसं. फिकट तपकिरी, चहाच्या रंगासारखं असेल तर तब्येत उत्तम. काळं आणि तेलकट ओलं असेल तर पेट्रोलमध्ये तेल जास्त झालं किंवा चोक विनाकारण ओढून ठेवला. पांढरंफटक असेल तर इंजिन जास्त तापतंय, तेव्हा थांबून कारण शोधायचं. प्लग नुसता पेट्रोलने भिजला असेल तर पुसून वाळवायचा, चोक न ओढता चार-पाच वेळा दोरी ओढून आतलं पेट्रोल बाहेर जाऊ द्यायचं आणि मग प्लग बसवायचा. हे करताना प्लगची वायर काढून बाजूला ठेवायची, आणि आसपास विडी-काडी नको. पेट्रोलची वाफ डोळ्यांना दिसत नाही.

आमचा पहिला प्लग काळाकुट्ट निघाला. का, ते ऐका. आमचं इंजिन टू-स्ट्रोक आहे, म्हणजे त्याचं तेल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. आमच्या इंजिनाला ५० ला १, म्हणजे एका लिटर पेट्रोलला २० मिली तेल. दहा लिटरला २०० मिली. प्रत्येक इंजिनाचं प्रमाण त्याच्या पुस्तकात असतं, ते बघायचं. पण आमच्याकडे अंदाजपंचे! तेल घालणारी म्हणायची, “थोडा जास्त घातला तर इंजिनाकच बरा.” मायेने वाढायची सवय, दुसरं काय. जास्त तेलाने प्लग काजळतो, धूर होतो. कमी तेल त्याहून वाईट, आतले भाग एकमेकांवर घासून इंजिन कायमचं जाम होतं. आता आमच्याकडे मापाचं भांडं आहे आणि पापडखाराचं प्रमाण जिच्या हातात असतं तिच्याच हाती तेलाचं माप दिलंय. तेलसुद्धा आऊटबोर्डचं म्हणून मिळतं तेच. मोटारसायकलचं टू-टी तेल स्वस्त पडतं म्हणून काही जण घालतात. पण ते वाऱ्याने गार होणाऱ्या इंजिनासाठी बनवलेलं असतं, पाण्याने गार होणाऱ्याचा स्वभाव वेगळा. हल्ली फोर-स्ट्रोक इंजिनं येतात, त्यांत तेल वेगळं भरतात. तुमच्याकडे तसलं असेल तर पेट्रोलमध्ये तेल घालू नका, निघण्यापूर्वी पट्टी बुडवून तेलाची पातळी बघा.

आणि ते बारीक भोक, म्हणजे कार्बोरेटरचं. पेट्रोल आत साठून राहिलं की सुकून चिकट डिंकासारखं होतं आणि भोक तुंबतं. इंजिन मग सुरू होतं, पण जोर धरत नाही, वेग वाढवला की मरतं. शेगडीला आपण टाचणी घालतो, इथे टाचणी घालायची नाही! भोक जरासुद्धा मोठं झालं की प्रमाण बिघडतं. कार्बोरेटरच्या क्लिनरचा फवारा आणि जोराची हवा, एवढंच. ते नाही जमलं तर मेस्त्री. आम्हीही दोनदा त्यांच्याकडेच नेलं, त्यात कमीपणा कसला?

मधेच एक गंमत सांगते. माझ्या मुलाने शोधून दिली. बाजारात खऱ्या अर्थाने चाललेलं पहिलं आऊटबोर्ड इंजिन अमेरिकेतल्या मिलवॉकीमध्ये १९०९ साली विकायला आलं. करणारा ओल एव्हिनरूड, मूळचा नॉर्वेचा. असं सांगतात, की सहलीला गेले असताना त्याच्या बेसला आईस्क्रीम खावंसं वाटलं. तो तळ्यातून वल्हं मारत आणायला गेला आणि परत येईपर्यंत ते वितळलं, त्यातून त्याला इंजिनाची कल्पना सुचली. ही झाली पुरुषाची गोष्ट, ती सगळे सांगतात. पण त्या कारखान्याचा हिशेब, पत्रव्यवहार आणि जाहिरात बेस बघायची. वल्ही आता टाकून द्या, अशा अर्थाची जी जाहिरात गाजली ती तिनेच लिहिलेली. बाई हुशार, पण या बाबतीत मी तिचं ऐकणार नाही. आमच्या होडीत आता वल्ह्यांची जोडी, नांगर आणि त्याचा लांब दोर असल्याशिवाय कुणी पाऊल ठेवत नाही. आणि सहा लाईफ जॅकेटं. ती मी पहिल्याच महिन्यात आणवली.

आता पाण्याचं. मला वाटतं सगळ्यांत जास्त इंजिनं याच्यामुळे मरतात. इंजिनाच्या पाण्यातल्या पायाला जाळी असते, तिथून पाणी आत जातं, आतला रबरी पात्यांचा छोटा पंप ते वर चढवतो, इंजिन गार होतं आणि त्यातलं थोडं पाणी मागच्या बाजूने बारीक धारेने बाहेर पडतं. ती धार म्हणजे कुकरची शिट्टी समजा. शिट्टी झाली नाही की आपण लगेच उठून बघतो ना? इंजिन सुरू केलं की पहिली नजर धारेवर. धार नसेल तर ताबडतोब बंद. ‘तिकडे पोचेपर्यंत चालवूया’ म्हटलं की संपलं. इंजिन कधीही कोरडं, पाण्याबाहेर चालवायचं नाही, ‘नुसतं बघूया चालतंय का’ म्हणूनसुद्धा नाही. रबराची पाती पाण्यावरच फिरतात. कोरडी फिरली की घासून झिजतात, आणि ते अर्ध्या मिनिटातही होतं. पाती वर्षाला बदललेली बरी. महाग भाग नाही तो, पण त्याच्यावाचून सगळं इंजिन जातं.

धार बंद झाली म्हणजे दर वेळी पंपच गेला असं नाही. कधी धारेच्या भोकात चिखल किंवा मीठ बसलेलं असतं, मऊ तार घातली की निघतं. कधी जाळीवर पिशवी बसते. गेल्या मार्चमध्ये तसंच झालं. गटातली एक सून इंजिन चालवत होती. तिचा नवरा गोव्यात कामाला असतो. पहिल्या वर्षी सासूने तिला इंजिनाला हात लावू दिला नव्हता, ‘हात काळे करून घरात येतली’ म्हणून. तर खाडीच्या मध्यावर तिला धार दिसेना. तिने लगेच बंद केलं, नांगर टाकायला सांगितलं, इंजिन तिरकं करून पाय वर घेतला. जाळीला दुधाची पिशवी चिकटून बसली होती. काढली, पाय खाली, दोरी ओढली, धार आली. मला रात्री फोन. “वयनीनू, धार बंद पडलेली.” मी इकडे धसकले. “मगे?” तर म्हणाली, “मगे काय? पिशयी होती. तिसऱ्यो सात किलो गावले.”

खाऱ्या पाण्यात चाललेल्या इंजिनाच्या आत मीठ राहतं. पाणी सुकलं की मिठाचे खडे धरतात आणि पाण्याचे आतले मार्ग चिंचोळे होत जातात. म्हणून घरी आणल्यावर गोड्या पाण्याने धुवायचं. नुसतं वरून नव्हे, आतून. पिंपात गोडं पाणी भरायचं, जाळी पूर्ण बुडेल इतकं, इंजिन न्यूट्रलमध्ये ठेवून दहाएक मिनिटं चालवायचं. उघड्यावर, कारण धूर विषारी. लेकरं लांब.

ऐकायला सोपं आहे. पण एप्रिल-मेमध्ये त्या वाडीत विहिरीचं पाणी मचूळ होतं आणि प्यायचं पाणी लांबून आणावं लागतं. तेव्हा इंजिनाला पिंपभर गोडं पाणी? यावरून गटात जे भांडण झालं ते मी विसरणार नाही. एक म्हणाली, “माझ्या पोरांक आंघोळ नाय आणि इंजिनाक आंघोळ?” तिचं चुकलं नव्हतं. पुस्तकात लिहिणाऱ्याच्या अंगणात नळ असतो. शेवटी असं ठरलं, की एकच पिंप भरायचं आणि तेच पाणी चार-पाच वेळा वापरायचं. आत तेलाचा तवंग येतो, तो कापडाने टिपायचा. चव बघू नये पण काकी बघते, खारट लागलं की पाणी बदलायचं. आणि ज्या दिवशी पाणी नाहीच, त्या दिवशी निदान इंजिन उभं ठेवून आतलं पाणी पूर्ण निथळू द्यायचं. इंजिन आडवं ठेवायची वेळ आलीच, तर निथळल्यावरच आणि डोकं पंख्यापेक्षा उंच ठेवून, नाहीतर पायातलं खारं पाणी वरच्या भागात शिरतं. घरी नेताना रिक्षात हीच चूक होते.

बाकी बारीकसारीक. पायाला एक जस्ताचा ठोकळा असतो, तो मुद्दाम झिजण्यासाठीच लावलेला. खारं पाणी धातू खातं, ते आधी जस्ताला खातं आणि बाकीचा पाय वाचतो. घरातली एखादी बाई असते ना, सगळं आपल्यावर घेणारी, तसा. त्याला रंग फासायचा नाही, आणि अर्धा झिजला की बदलायचा. फळीचे दोन स्क्रू हादऱ्याने सैल होतात, ते रोज आवळायचे आणि इंजिन दोराने होडीला बांधूनही ठेवायचं. इंजिन चालतंय, आवाज आहे, पण होडी जागची हलत नाही, असं झालं तर पंखा बघायचा. खडकाला आपटलं की गिअर वाचावा म्हणून आमच्या इंजिनात एक छोटी पिन आधी तुटते. दोन पिना जास्तीच्या डब्यात. काही इंजिनांत पिनेऐवजी पंख्याच्या आत रबर असतं, ते फाटलं की पंखाच बदलावा लागतो. सुरू करायची दोरी तुटली तर झाकण काढून चाकाच्या खाचेत दुसऱ्या दोरीची गाठ अडकवायची, गुंडाळायची आणि ओढायची. गिअर न्यूट्रलमध्ये आहे ना हे आधी बघायचं, आणि फिरत्या चाकाजवळ पदर, ओढणी, वेणी काही येता कामा नये. आमच्या बायका इंजिनाजवळ नऊवारीचा काष्टा मारतात, गाऊनवाल्या ओढणी काढून ठेवतात. आणि इंजिन पाण्यात पडलंच, तर बाहेर काढून ‘वाळू दे’ म्हणून उन्हात ठेवायचं नाही. लगेच गोड्या पाण्याने धुवायचं, प्लग काढून आतलं पाणी काढायचं आणि त्याच दिवशी मेस्त्रीकडे न्यायचं. वाळलं की गंजलं.

मे संपला की होडी वर ओढतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. आम्ही खाडीतल्या, पण पावसात खाडीचाही भरवसा नाही, म्हणून इंजिनही तेव्हाच घरी येतं. पूर्वी आम्ही ते तसंच गोणपाट टाकून ठेवायचो आणि नारळी पौर्णिमेनंतर ते सुरू होत नाही म्हणून रडायचो. आता पेट्रोलची नळी काढून, इंजिन पिंपात, आतलं पेट्रोल संपून आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो. मग प्लग काढून आत चमचाभर तेल, दोन-तीनदा हळू दोरी ओढायची म्हणजे ते सगळीकडे फिरतं, प्लग परत जागेवर. टाकी रिकामी. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. कोकणातल्या पावसाळ्यात ओलीला काय तोटा! पाणी फार झालं की ते इथेनॉलसकट तळाला बसतं. शंका आली तर थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून उजेडात धरा. तळाशी वेगळा थर दिसला तर ते पेट्रोल इंजिनाला घालू नका. जुन्या रबरी नळ्याही या पेट्रोलने लवकर खराब होतात, दाबून बघत जा.

यंदा हे सगळं करताना एक नवीनच प्रकरण निघालं. पायाच्या आत गिअरसाठी वेगळं तेल असतं. खालचा स्क्रू काढला की ते निथळतं, आणि नवीन तेल खालच्याच भोकातून वर चढवत भरतात, वरच्या भोकातून बाहेर यायला लागेपर्यंत, म्हणजे आत हवा राहत नाही. तर खालचा स्क्रू काढला आणि तेल आलं ते दुधाच्या चहासारखं. तांडेलकाकांनी बोट बुडवलं आणि मान हलवली. आत पाणी शिरलंय. पंखा काढला तर दांड्याभोवती मासेमारीच्या नायलॉनच्या दोऱ्याचं भेंडोळं करकचून बसलेलं. त्यानेच रबरी सील कापलं. पंखा महिन्यातून एकदा काढून बघायला हवा होता, आम्ही पूर्ण मोसम काढला नव्हता.

सील बदलणं आमच्या आवाक्यातलं नाही. त्यावरून अंगणात अर्धा तास वाद झाला. काकीचं म्हणणं, सगळं उघडून बघू. काकांचं म्हणणं, त्याला खास ओढणी लागते, घरच्या स्क्रू-ड्रायव्हरने कराल तर पाय फुटेल. शेवटी सुनेने फोन लावला, त्याच मेस्त्रींना, पाचशेवाल्या. स्पीकरवर टाकला. सील केवढ्याचं, मजुरी किती, किती दिवस, सगळं विचारून घेतलं. मग म्हणाली, “मेस्त्रीनू, सील बदलताना मी थंय बसान बघतलंय. चलात मा?”

पलीकडे जरा वेळ शांतता. आम्ही सगळ्या फोनकडे बघत होतो.

“ये,” ते म्हणाले. “पण जुनी साडी नेसान ये. ग्रीस जाणा नाय.”